शेकोटीच्या धुराचा वास बसलेलं वॉटरप्रूफ जॅकेट कसं धुवावं

हिवाळी ट्रेकहून परतल्यावर बाकीचे कपडे त्याच दिवशी धुवायला पडतात, जॅकेट मात्र दारामागच्या खुंटीवर लटकत राहतं. ट्रेकर मंडळींत एक समज पक्का बसलेला आहे की वॉटरप्रूफ जॅकेट धुतलं की त्याचं वॉटरप्रूफिंग जातं. म्हणून त्याच्यावर डिओ मारतात, दोन दिवस कडक उन्हात टाकतात आणि पुढच्या ट्रेकला तेच धुरकट जॅकेट पुन्हा सॅकमध्ये भरतात. जूनमध्ये ते आतून ओलं लागायला लागतं, तेव्हा दोष जातो कंपनीला.

धुराचा जो तेलकट थर वास मारतो, तोच थर जॅकेटवरचं पाणी झटकायची ताकदही मारतो. त्यामुळे नीट धुणं हा वासावरचाही उपाय आहे आणि जॅकेट वाचवण्याचाही. फक्त ते कशाने धुवायचं, किती वेळा खळबळायचं आणि कसं वाळवायचं, याला पद्धत आहे. घाई केली तर जॅकेट खरोखरच बिघडतं, आणि मग तो जुना समज आणखी घट्ट होतो.

वास नेमका कुठे बसतो

लाकडात लिग्निन नावाचं द्रव्य असतं. ते अर्धवट जळतं तेव्हा त्यातून ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी फिनॉल जातीची रसायनं निघतात. आपण ज्याला धुरकट वास म्हणतो तो मुख्यतः त्यांचा. त्यांच्यासोबत डांबरासारखे चिकट, तेलकट कण उडतात. त्यातले बहुतेक १ मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात, म्हणून कापडाच्या विणीत सहज शिरतात. चुलीवरच्या आढ्याला वर्षानुवर्षं जो काळा चकचकीत थर चढतो, तो याच धुराचा. लाकूड ओलं असेल तर ते भडकत नाही, धुमसत राहतं आणि धूर कितीतरी पट वाढतो. दवाने भिजलेल्या कारवीच्या काटक्यांच्या शेकोटीशेजारी तासभर बसलात, तर सुक्या लाकडाशेजारी रात्र काढण्याइतका वास अंगावर घेऊन उठाल.

आता जॅकेटकडे बघू. बाहेर नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं कापड असतं आणि त्यावर पाणी झटकणारा अदृश्य लेप असतो, त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात. त्याच्या आत खरा वॉटरप्रूफ भाग: महागड्या जॅकेटात सूक्ष्म छिद्रांचा पडदा, स्वस्तातल्या जॅकेटात बहुधा पॉलियुरेथेनचा लेप. सगळ्यात आत अस्तर, आणि शिलाईच्या रेषांवर आतून चिकटवलेली टेप.

तेल हा या रचनेचा जुना शत्रू आहे. बॉब गोर यांनी १९६९ साली टेफ्लॉन ताणून पडदा बनवला आणि त्यातून गोअर-टेक्स हे वॉटरप्रूफ कापड आलं. पण पहिल्या पिढीच्या जॅकेटांत अंगाचं तेल आणि घाम पडद्यात शिरून ती गळायला लागली, म्हणून पुढे त्या पडद्याला पॉलियुरेथेनचा संरक्षक थर जोडावा लागला. पडद्याची अडचण अशी सुटली, बाहेरचा लेप मात्र उघडाच राहिला. त्यातही हल्लीच्या बऱ्याच जॅकेटांचा लेप फ्लोरिनविरहित असतो. पर्यावरणासाठी ते चांगलंच झालं, पण हा लेप पाणी झटकतो, तेल झटकत नाही. त्यामुळे नव्या जॅकेटला धुराचा तेलकटपणा जास्त धरतो. लेप झाकला गेला की बाहेरचं कापड पाणी पिऊ लागतं, घामाची वाफ बाहेर पडेनाशी होते, ती आतल्या आत थंड होऊन पाणी होते आणि आपल्याला वाटतं जॅकेट गळतंय.

वास सगळ्या जॅकेटभर सारखा नसतो. कॉलरची आतली बाजू, टोपीचं अस्तर, मनगटाचा वेल्क्रो, चेनच्या मागची पट्टी आणि खिशांची जाळी, या जागा सर्वात जास्त धरतात. धुण्याआधी प्रत्येक जागेला नाक लावून बघा. आणि आधी आतला फ्लीस किंवा स्वेटर जॅकेटपासून वेगळा करा. अनेकदा खरा वास फ्लीसमध्ये असतो आणि जॅकेट उगाच दोनदा धुतलं जातं. फ्लीस साध्या कपड्यासारखा धुता येतो, त्याची काळजी नको.

वासाची पारख सकाळी बाहेर फिरून आल्या आल्या करा. धुरात राहिलेल्या नाकाला धुराचा वास लागत नाही. ट्रेकला न आलेल्या घरच्या माणसाला विचारणं सगळ्यात खात्रीचं.

धुण्याआधीची तयारी

जॅकेट आधी गच्चीत किंवा गॅलरीत नेऊन कोरडंच झटका. राख आणि काजळी असेल तर मऊ ब्रशने हलकेच झाडा. काजळीवर ओलं फडकं कधीही फिरवू नका. कोरडी काजळी झाडून निघते, ओली झाली की कापडात सारवली जाते.

मग जॅकेट उलटं करून, सगळ्या चेन आणि खिसे उघडे ठेवून, रुंद हँगरवर सावलीत आणि वाऱ्यावर १ ते २ दिवस टांगा. वारा खेळत नसेल तर टेबलफॅन लावा. एखाद्या संध्याकाळी थोडा वेळच धूर लागला असेल तर एवढ्यानेच काम होतं आणि धुवायची गरजही पडत नाही. थेट उन्हात मात्र दिवसेंदिवस ठेवू नका. अतिनील किरणांनी नायलॉन कमजोर होतं, रंग उडतो. आपल्याकडचं मार्च-एप्रिलचं ऊन तर फारच कडक.

वारा दिल्यानंतरही वास असेल तर धुवायचं. त्याआधी आत शिवलेली, धुण्याच्या सूचनांची पट्टी वाचा. टबच्या चित्रात लिहिलेला आकडा म्हणजे पाण्याचं कमाल तापमान, इस्त्रीच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे मंद इस्त्री, आणि फुली म्हणजे ती गोष्ट करायची नाही. या लेखातलं काहीही त्या पट्टीच्या विरोधात जात असेल तर पट्टीचं ऐका.

जॅकेट उलटं करून आतला लेपही तपासा. लेपाचे पापुद्रे निघत असतील, हाताला चिकट लागत असेल आणि वास धुरकट नसून आंबट, ओकारीसारखा असेल, तर ते पॉलियुरेथेन विघटित झालेलं आहे. दमट हवेत वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेल्या रेनकोटांचं असं होतं. तो वास धुण्याने जात नाही आणि ते जॅकेट पुन्हा वॉटरप्रूफही होत नाही. त्याच्यामागे मेहनत घालवू नका.

कशाने धुवायचं

सर्वात उत्तम म्हणजे अशा कपड्यांसाठीच बनवलेलं लिक्विड. निकवॅक्स आणि ग्रेंजर्स ही त्यातली जुनी नावं. ट्रेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतात. किंमत जास्त वाटते, पण एक बाटली बरीच पुरते, आणि जॅकेटच्या किमतीपुढे ती काहीच नाही. निकवॅक्सचं टेक वॉश साबणावर आधारित आहे. त्यामुळे बोअरच्या जड पाण्यात त्याची मात्रा बाटलीवर सांगितल्याप्रमाणे वाढवावी लागते, नाहीतर साबणाची साय कापडावर बसते. शक्य असेल तर नळाचं मऊ पाणी वापरा.

ते नसेल तर साधं, सौम्य लिक्विड डिटर्जंट चालतं, मात्र कमी प्रमाणात. पावडर नको, तिचे कण विणीत अडकून राहतात. ज्यात कंडिशनर मिसळलेलं आहे असं लिक्विड नको, आणि वेगळं कम्फर्टसारखं कंडिशनर तर अजिबात नको. ते कापडावर स्वतःचा थर सोडतं आणि पाणी झटकणारा लेप त्याखाली दबतो. ब्लीच नको. भांड्यांचं लिक्विड तेल काढतं म्हणून काही जण वापरतात, पण ते खळबळून काढताना नाकी नऊ येतात आणि जे उरतं ते पाणी ओढून घेतं. कॉलरवर तेलाचा ठळक डाग असेल तर त्या जागेपुरता एखादा थेंब ठीक, सगळ्या जॅकेटला नको.

हाताने धुण्याची पद्धत

माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडच्या घरांत हाताने धुणंच चांगलं. टॉप-लोड किंवा सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या सूचनापुस्तिकेत वॉटरप्रूफ कपडे न घालण्याचा इशारा असतो, तो उगाच नाही. पाणी आरपार न जाणाऱ्या कापडाची पिशवी होते, त्यात पाणी साठतं, ड्रम वेगात फिरताना तोल जातो आणि मशीन जागेवरून उडी मारतं. रेनकोट, पोंचो, प्लॅस्टिकसारख्या लेपाची जॅकेटं कोणत्याही मशीनच्या स्पिनमध्ये घालू नयेत.

खिसे रिकामे करा. जुनं तिकीट, चॉकलेटचा कागद, शिट्टी, सगळं काढा. मुख्य चेन आणि खिशांच्या चेन लावा, वेल्क्रो बंद करा, इलॅस्टिकच्या दोऱ्या सैल सोडा.

मोठ्या टबात कोमट पाणी घ्या. ३० अंश पुरेसं, पट्टीवर परवानगी असेल तर ४०. कोपर बुडवून सुखद वाटलं पाहिजे, चटका नको. धुराचा थर तेलकट असल्याने गार पाण्यात तो सुटायला वेळ लागतो, म्हणून कोमट पाण्याचा आग्रह. १० लिटर पाण्याला साधं लिक्विड १ मोठा चमचा, म्हणजे साधारण १५ मिली, घाला आणि आधी पाण्यात नीट ढवळा. खास लिक्विडची मात्रा बाटलीवरची घ्या. लिक्विड थेट जॅकेटवर ओतू नका.

जॅकेट बुडवा आणि दाबून आतली हवा काढा. ते तरंगत राहिलं तर अर्धं कापड कोरडंच राहतं. अर्धा तास भिजू द्या, रात्रभर नको, कारण शिलाईवरच्या टेपला ते मानवत नाही. मग दाबा, सोडा, उलटा, पुन्हा दाबा. कणीक तिंबताना जसा तळहाताचा जोर देतो, तेवढाच. घासायचं नाही, पिळायचं नाही, धोपटणं किंवा दगडावर आपटणं तर नाहीच. कॉलर, मनगटं, टोपीची कड आणि चेनची पट्टी यांना मऊ, जुन्या टूथब्रशने त्याच पाण्यातला फेस लावून हळू घासा. वेल्क्रोच्या आकड्यांत अडकलेला कचराही त्याच ब्रशने काढा. तिथला वास लोक नेहमी विसरतात.

पाच मिनिटांत पाणी चहासारखं तांबूस झालेलं दिसलं तर समजा, योग्य गोष्ट बाहेर पडते आहे. पाणी फारच गढूळ असेल तर ते टाकून, तेवढ्याच लिक्विडने दुसऱ्यांदा धुवा. एकदाच भरपूर लिक्विड घालण्यापेक्षा कमी लिक्विडने दोनदा धुणं केव्हाही चांगलं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं काम, खळबळणं. डिटर्जंटचे रेणू एका टोकाने तेल धरतात आणि दुसऱ्या टोकाने पाणी. ते कापडात उरले तर पुढच्या पावसात तेच पाणी आत ओढतात. 'धुतल्यावर वॉटरप्रूफिंग गेलं' अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे बहुतेक वेळा हे उरलेलं डिटर्जंट असतं. तेव्हा स्वच्छ पाणी बदलत राहा, प्रत्येक वेळी जॅकेट उलटंसुलटं करून दाबा. फेस दिसायचा थांबला की आणखी एकदा. चार-पाच बादल्या पाणी लागतं, तेवढं लागू द्या. ते पाणी झाडांना घालायचा मोह टाळा, फरशी धुवायला वापरा.

फ्रंट-लोड मशीन असेल आणि पट्टी परवानगी देत असेल, तर घाम बाहेर सोडणारं जॅकेट त्यात धुता येतं. आधी मशीनची पुस्तिकाही बघा. नाजूक कपड्यांचा कार्यक्रम, कमीत कमी स्पिन, खळबळणं दोनदा, आणि आत एकटं जॅकेट. डिटर्जंटचा कप्पा आधी काढून धुवा, त्यात जुन्या कंडिशनरचा थर हमखास असतो.

वाळवणं आणि शेवटची ऊब

टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा म्हणजे जादा पाणी निघेल. मग रुंद हँगरवर सावलीत टांगा. आधी आतली बाजू बाहेर ठेवून, ती सुकली की सरळ करून. टोपी आणि खिसे शेवटपर्यंत ओले राहतात, त्यांना हात लावून बघा. पावसाळी हवेत पंख्याखालीच वाळवा. अर्धवट ओलं जॅकेट कपाटात गेलं तर धुराच्या जागी बुरशीचा वास येईल आणि तो काढणं याहून अवघड आहे.

पूर्ण वाळल्यावर बऱ्याच जॅकेटांना थोडी ऊब द्यावी लागते. उष्णतेने लेपाचे रेणू पुन्हा उभे राहतात आणि पाणी झटकू लागतात. ड्रायर असेल तर पट्टीवरच्या तापमानाला २० मिनिटं. आपल्याकडे बहुतेकांकडे तो नसतो, तेव्हा सर्वात मंद इस्त्री, वाफ बंद, आणि जॅकेट व इस्त्रीच्या मध्ये सुती पंचा. एका जागी न थांबता फिरवत राहा. छापील नाव, चिकटवलेल्या चेन आणि रबरी भाग यांना लावू नका. पट्टीवर इस्त्रीला फुली असेल, आणि स्वस्त रेनकोटांवर ती अनेकदा असते, तर ही पायरी सोडून द्या.

त्यानंतर खांद्यावर आणि बाह्यांवर पाणी शिंपडा. थेंब गोल होऊन घरंगळले तर काम झालं. पाणी पसरून कापड गडद दिसलं तर लेप झिजला आहे आणि नवा द्यावा लागेल. त्यासाठी स्प्रे आणि पाण्यात मिसळायचं लिक्विड असे दोन प्रकार मिळतात. अस्तर असलेल्या जॅकेटला स्प्रेच घ्या, कारण पाण्यात मिसळायचं लिक्विड अस्तरालाही लागतं आणि घाम शोषणं कमी होतं. लेप नेहमी धुतलेल्या जॅकेटवरच द्या. धुरकट जॅकेटवर स्प्रे मारला तर वास लेपाखाली बंद होतो.

तरीही वास उरला तर

आधी तो कुठून येतो ते शोधा. कॉलरच्या आतला फोम किंवा टोपीची जाड कड असेल तर फक्त तेवढाच भाग पुन्हा धुवा. सगळ्या जॅकेटला हलका वास असेल तर सक्रिय कोळसा वापरा. मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्या दुकानात फिल्टरसाठी तो मिळतो. सुती कापडात त्याची पुरचुंडी बांधा, पूर्ण कोरडं जॅकेट आणि दोन-तीन पुरचुंड्या झाकणाच्या मोठ्या डब्यात ४-५ दिवस ठेवा. कोळशाच्या छिद्रांच्या पृष्ठभागावर वासाचे रेणू धरले जातात. कोळसा थेट कापडाला लागू देऊ नका, काळं होईल.

खायचा सोडा सगळे सुचवतात. तो आंबट वास मारतो, पण फिनॉल इतकी सौम्य आम्लं आहेत की सोड्याच्या हलक्या अल्कतेला ती दाद देत नाहीत. डब्यात वाटीभर उघडा ठेवलात तर नुकसान नाही, जॅकेटवर मात्र भुरभुरवू नका, चेन आणि वेल्क्रोत अडकतो. व्हिनेगरची गोष्ट तर आणखी स्पष्ट आहे. लाकडाच्या धुरात ॲसिटिक आम्ल मुळातच असतं आणि व्हिनेगर म्हणजे तेच. डिओ, अत्तर, धूप यांनी वासावर वास चढतो आणि तेलही. ड्रायक्लीनच्या द्रावकांनी लेप आणि टेप सुटण्याची भीती असते. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांचा विचारही करू नका: जॅकेट तर जाईलच, शिवाय ते ज्वलनशील जॅकेट घालून कोणी पुढच्या वेळी शेकोटीशेजारी बसेल.

पुढच्या वेळी

शेकोटीपाशी जायच्या आधी जॅकेट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तंबूत ठेवा आणि अंगावर घोंगडी घ्या. लोकर वितळत नाही आणि ठिणगी पडली तर सहसा भडकतही नाही. नायलॉन मात्र साधारण २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळतं, म्हणजे एका ठिणगीला एक भोक. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं पाचनई किंवा कळसूबाईच्या पायथ्याचं बारी अशा गावांत घरात मुक्काम असेल तर चुलीच्या खोलीत वळणीवर जॅकेट वाळत घालू नका. पिठलं-भाकरी होईपर्यंत तासभर धूर त्यात मुरत राहतो. गावकऱ्यांना बाहेरच्या ओसरीवर दोरी मागा, कोणी नाही म्हणत नाही.

मुळात शेकोटी हवीच का, हेही बघा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर अभयारण्य आहे, आणि राखीव वनात परवानगीशिवाय आग पेटवणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी सुकलेलं गवत एका निखाऱ्याने डोंगरच्या डोंगर पेटवतं. गरम राहायला एक जादा थर आणि स्टोव्हवरचा चहा पुरतो.

परतीच्या एसटीत धुरकट जॅकेट स्लीपिंग बॅगच्या गुंडाळीत कोंबू नका, वेगळ्या पिशवीत बांधा. स्लीपिंग बॅग धुणं जॅकेटपेक्षा कितीतरी कष्टाचं आहे.

ठिणगीने भोक पडलंच असेल तर ते जॅकेट धुऊन, पूर्ण वाळवून मगच बुजवा, कारण तेलकट कापडावर पट्टी धरत नाही. नायलॉनसाठीची चिकट दुरुस्ती-पट्टी घ्या, भोकाभोवती सगळीकडे बोटभर जास्त येईल एवढा तुकडा कापा आणि त्याचे कोपरे गोल करा, टोकदार कोपरे लवकर उचकटतात. एक तुकडा बाहेरून, शक्य असेल तर एक आतून, चमच्याच्या पाठीने दाबून बसवा आणि एक दिवस तसाच राहू द्या. त्यानंतर त्या जागेवर इस्त्री फिरवू नका.